त्रिफळ्यातले एक फळ, तीन अक्षरी

शब्दकोडे सोडवणाऱ्यांत दोन पंथ आहेत. पहिल्या पंथाचा माणूस सूचना वाचतो, अर्थ मनात घोळवतो आणि शब्द पक्का झाल्याशिवाय पेन कागदाला लावत नाही. दुसऱ्या पंथाचा माणूस आधी चौकट न्याहाळतो, कुठले घर कुठल्या उभ्या शब्दाला छेदते ते पाहतो आणि मग सूचनेकडे वळतो. वरवर पाहता ही नुसती सवय वाटेल. पण या भांडणाच्या तळाशी एक जुना प्रश्न आहे: शब्दाचा अर्थ व्याख्येने ठरतो की शेजारच्या शब्दांनी, कोशाने ठरतो की बोलणाऱ्यांनी? मला हा प्रश्न जिव्हाळ्याचा वाटतो. शाळा सुटली की व्याख्येशी आपली गाठ फारशी पडत नाही. वर्तमानपत्रातल्या त्या लहानशा चौकटीत मात्र हजारो मराठी माणसे रोज सकाळी व्याख्या पारखून पाहत असतात.

दोन्ही बाजू नीट मांडता याव्यात म्हणून मी इथे एक मामा आणि एक भाची उभी केली आहे. मामा घोडेगावचे, हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेले. भाची आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका आश्रमशाळेत शिकवते. माणसे कल्पनेतली आहेत, त्यांच्या बोलण्यात येणारी गावे, नद्या आणि धरणे मात्र जुन्नर-आंबेगावातली, आहेत तशी.

मामा: हे घे. ‘त्रिफळ्यातले एक फळ’, तीन अक्षरी. काय लिहिशील?

भाची: काहीच लिहिणार नाही, मामा. आधी उभे शब्द बघेन.

मामा: अगं, एवढी सोपी सूचना!

भाची: सोपी आहे म्हणूनच थांबते. हिरडा, बेहडा, आवळा. तिन्ही त्रिफळ्यातली आणि तिन्ही तीन अक्षरी. अर्थाचा कितीही कीस काढला तरी तिघांतले एक निवडता येणार नाही.

मामा: मी हिरडा लिहिला असता. आपल्या डोंगरात बाळहिरडा वेचून कितीतरी घरांची वर्षाची मीठमिरची सुटते. त्रिफळा म्हटले की पहिले नाव हिरड्याचेच येते.

भाची: ते आपल्या डोंगरातल्या आहुप्यात. कोडे रचणारा आहुप्याचा असेल कशावरून? त्याच्या दारात आवळ्याचे झाड असेल. हे बघा, मी कागदावर काढून दाखवते. आडवी तीन घरे. मधल्या घरातून एक उभा शब्द जातो. त्याची सूचना ‘शिवरायांचे जन्मस्थान असलेला किल्ला’, चार अक्षरी, आणि त्याचे दुसरे अक्षर आपल्या मधल्या घरात पडते.

मामा: शिवनेरी. दुसरे अक्षर व. म्हणजे आवळा.

भाची: आता आडवी सूचना तशीच ठेवून उभी बदलते. ‘आंबेगाव तालुक्यातली मोठी बाजारपेठ’, तीन अक्षरी, आणि शेवटचे अक्षर मधल्या घरात.

मामा: मंचर. र आला, म्हणजे हिरडा.

भाची: पुन्हा बदलते. ‘बिबट्यांचे निवारा केंद्र जिथे आहे ते गाव’, पाच अक्षरी, शेवटचे अक्षर मधल्या घरात.

मामा: माणिकडोह. ह आला. बेहडा!

भाची: आडवी सूचना तिन्ही वेळा तीच होती, कानामात्रेचाही फरक नाही. उत्तर तीनदा बदलले, ते शेजाऱ्यामुळे. मग व्याख्येने काय ठरवले?

मामा: पुष्कळ ठरवले. हजारो तीन अक्षरी शब्दांतून तिने तीन उमेदवार आणून उभे केले. आणि तुझा तो व आकाशातून पडला नाही. ‘शिवरायांचे जन्मस्थान’ ही व्याख्याच होती ना? शेवटी एका व्याख्येचा निकाल दुसऱ्या व्याख्येनेच लागला.

मामांचे हे उत्तर मला पटते. छेदाला महत्त्व देणारे लोक विसरतात की छेदातले अक्षरही कुठल्यातरी अर्थाच्याच वाटेने आलेले असते. मात्र सगळ्या छेदांचे वजन सारखे नसते, हे भाचीने पुढे दाखवले. ‘अश्व’, दोन अक्षरी, ही उभी सूचना शेवटच्या घराला छेदत असती तर ‘घोडा’ने डा दिला असता. आवळा बाद झाला असता, हिरडा आणि बेहडा मात्र तसेच राहिले असते. उमेदवार जिथे एकमेकांपासून वेगळे पडतात तेच घर कामाचे. या बाबतीत मराठीतले सगळ्यात अवघड फूल कमळ. पंकज, सरोज, नीरज, जलज, अंबुज, वारिज: सगळे तीन अक्षरी आणि सगळ्यांच्या शेवटी ज. शेवटच्या घरात ज मिळाला तर हाती काहीच लागत नाही. जाणकार रचनाकार अशा वेळी पहिल्या घराला छेद देतो.

देवनागरीत घर अक्षराला मिळते, सुट्या वर्णाला नाही, हे इथे आठवायला हवे. व्यंजन, त्याचा काना-मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षर असले तर तेही, सगळे एका चौकोनात. म्हणून ‘लेण्याद्री’ तीन घरांत बसते. म्हणूनच ‘खोडद’मधला ड हा ‘हिरडा’तल्या डाच्या जागी चालत नाही. इंग्रजी कोड्यातल्या एका अक्षरापेक्षा मराठी कोड्यातले एक घर पुष्कळ जास्त माहिती देते. त्यामुळे आपल्या कोड्यांच्या चौकटी लहान असतात आणि शब्द दोन ते पाच अक्षरांचे असूनही कोडे सुटते.

मामा: अक्षरसंख्या हा तर व्याख्येचाच भाग आहे, हे तू धरतच नाहीस. कुकडी प्रकल्पाची धरणे सांग.

भाची: डिंभे, वडज, येडगाव, माणिकडोह, पिंपळगाव जोगे.

मामा: आता मोज. डिंभे दोन अक्षरी, वडज तीन, येडगाव चार, माणिकडोह पाच, पिंपळगाव जोगे सात. ‘कुकडी प्रकल्पातले धरण’ एवढीच सूचना दे आणि पुढे कंसात आकडा लिही. पाचही धरणे एकट्या आकड्याने वेगळी होतात. एकही छेद लागत नाही.

भाची: हे छान आहे. पण हा योगायोग. अष्टविनायक घ्या. ‘जुन्नर तालुक्यातले अष्टविनायक क्षेत्र’, तीन अक्षरी.

मामा: ओझर. आणि लेण्याद्री. दोन्ही तीन अक्षरी. बरं, मग सूचना सुधार. ‘जुन्नर तालुक्यातले डोंगरातल्या लेण्यात वसलेले अष्टविनायक क्षेत्र’ म्हण. ओझर आपोआप गळले. सूचना लिहिणाऱ्याने एवढी तसदी घेतली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. छेदाच्या भरवशावर ढिली व्याख्या लिहायची, हा आळस आहे.

भाची: मग सगळ्याच सूचना इतक्या घट्ट लिहा आणि बघा काय होते. प्रत्येक शब्द एकट्याने सुटेल. चौकटीची गरजच उरणार नाही. नुसता ‘एका शब्दात उत्तरे लिहा’चा पेपर होईल.

यावर मामा जरा थांबले आणि त्यांनी न्यायशास्त्र काढले. माझ्या मते या सगळ्या वादाची किल्ली त्यातच आहे.

मामा: आपल्याकडे व्याख्येला ‘लक्षण’ म्हणतात आणि लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह शिकणाऱ्याला ते गाईच्या उदाहरणावरून समजावतात. ‘शिंगे असतात ती गाय’ म्हटले तर म्हैसही आत येते, शेळीही येते. ही अतिव्याप्ती. ‘तांबूस रंगाची ती गाय’ म्हटले तर पांढरी गाय बाहेर राहते. ही अव्याप्ती. ‘अखंड खुराची ती गाय’ म्हटले तर एकही गाय सापडणार नाही, कारण गाईचा खूर दुभंगलेला असतो. हा असंभव. आणि ‘गळ्याखाली पोळी लोंबते ती गाय’ हे निर्दोष लक्षण.

भाची: म्हणजे ‘त्रिफळ्यातले एक फळ’ ही हिरड्याची अतिव्याप्त व्याख्या.

मामा: हो. शास्त्रात तो दोष.

भाची: आणि कोड्यात?

मामा: कोड्यात... कोड्यात तो चालवून घ्यावा लागतो, हे मान्य करतो. पण तो एकच. उरलेले दोन अजिबात नाहीत. उत्तर ‘धरण’ असेल आणि सूचना नुसती ‘माणिकडोह’ अशी असेल, तर ती अव्याप्ती. धरण म्हणजे काही एकटे माणिकडोह नव्हे. तिथे ‘उदाहरणार्थ’ लिहिलेच पाहिजे. उत्तर ‘वटवाघूळ’ असेल आणि सूचना ‘रात्री उडणारा पक्षी’ असेल, तर तो असंभव. वटवाघूळ पक्षी नव्हेच, ते पिलांना दूध पाजते. अशी सूचना कितीही छेदांनी सुटली तरी ती खोटीच.

भाची: हे मला शंभर टक्के कबूल.

मामा: आणखी एक. सूचना ज्या रूपात असेल त्याच रूपात उत्तर पाहिजे. ‘देखणा’ दिले तर ‘सुंदर’ यावा, ‘सौंदर्य’ येऊ नये. अनेकवचनाला अनेकवचन, क्रियापदाला क्रियापद. वाक्यातून एक काढून दुसरा घातला तरी वाक्य उभे राहिले पाहिजे.

अतिव्याप्ती चालेल, अव्याप्ती आणि असंभव चालणार नाहीत. कोड्यातल्या व्याख्येची घटना या एका ओळीत मावते. सूचनेने उत्तराला पोटात घेतले पाहिजे. ती उत्तरापेक्षा मोठी असली तर बिघडत नाही, लहान किंवा खोटी असली तर बिघडते. जास्तीचे उमेदवार छाटायचे काम छेदांचे. आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ च्या ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये पहिले कोडे छापले, तेव्हा त्यातल्या सूचनाही साध्या व्याख्यांच्याच होत्या. कूटसूचनांचा खेळ नंतर, मुख्यतः इंग्लंडात वाढला. मराठी दैनिकांनी बहुतांशी व्याख्येची जुनी वाट धरली आणि मला ती कमी दर्जाची वाटत नाही. कूटसूचनेत शब्दांची मोडतोड करून उत्तराची दुसरी वाट दिलेली असते. आपल्या कोड्यात ती दुसरी वाट म्हणजे छेद.

पण छेदही अपुरे आणि व्याख्याही ढिली असली तर काय होते? याचे उत्तर एकदा थेट सर्वोच्च न्यायालयाने दिले आहे. स्वातंत्र्याच्या आगेमागे आपल्याकडे बक्षिसांच्या शब्दकोड्यांचे पेव फुटले होते. प्रवेशिकेचे पैसे भरायचे, उत्तरे धाडायची आणि निकालाची वाट पाहायची. बंगळुरूला छापल्या जाणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ साप्ताहिकातून ‘आर. एम. डी. सी. क्रॉसवर्ड्स’ नावाची अशी एक स्पर्धा चालायची आणि तिला मुंबई राज्यातून मोठा प्रतिसाद होता. मुंबई सरकारने बक्षीस स्पर्धांवरच्या १९४८ च्या कायद्यात १९५२ मध्ये दुरुस्ती करून बाहेर छापल्या जाणाऱ्या स्पर्धाही कराच्या कक्षेत आणल्या, तेव्हा चालक न्यायालयात गेले. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ही स्पर्धा म्हणजे जुगार. उत्तर आधीच ठरवून मोहोरबंद केलेले होते. सूचनेला दोन शब्द चालत असतील तर त्यातला कमी समर्पक शब्दही चालकांनी निवडलेला असू शकत होता आणि तोच का निवडला हे सांगायला ते बांधील नव्हते. अशा ठिकाणी भाषा जाणणाऱ्याचे कौशल्य काय कामाचे? मोहोरबंद उत्तराशी जुळले तर जिंकलो, नाही तर नाही. त्याआधी १९५५ मध्ये केंद्राने बक्षीस स्पर्धांचा कायदा केलाच होता: महिन्याची एकूण बक्षिसे एक हजार रुपयांपर्यंत आणि प्रवेशिका दोन हजारांपर्यंत. त्या कायद्याच्या व्याख्येत शब्दकोड्याचे नाव घेऊन उल्लेख आहे.

न्यायालयाचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. व्याख्येवरून एकाच शब्दापर्यंत पोहोचण्याची वाट असेल तर ते कौशल्य. वाट नसेल तर तो पैजेचा डाव, मग त्यात पैसे असोत वा नसोत.

मामा: आपल्या नारायणगावच्या तमाशाच्या फडांना विचार. पूर्वी भेदिक व्हायचे, कलगीवाले एका बाजूला, तुरेवाले दुसऱ्या बाजूला. एका शाहिराने कूट टाकायचे, दुसऱ्याने त्याचा भेद उलगडायचा. तेही कोडेच. पण उत्तर लखोट्यात नसायचे. शेकडो माणसांसमोर आधारासकट पटवून द्यावे लागायचे. पुराणातला दाखला चुकला तर प्रेक्षकच हुर्यो करायचे.

भाची: हेच तर मी म्हणते, मामा. उत्तर बरोबर की चूक हे शेवटी ऐकणारे ठरवतात.

मामा: ऐकणारे नव्हेत. दाखला ठरवतो. ऐकणारे फक्त साक्षीदार.

इथून वादाला खरी धार आली. कोश मोठा की बोलणारा?

भाची: मी वर्गात सूचना दिली, ‘उसात लपणारा ठिपक्यांचा शिकारी’, दोन अक्षरी. पोरांनी एका दमात सांगितले, वाघ.

मामा: चूक. बिबट्या, तीन अक्षरी. वाघाला पट्टे असतात.

भाची: तुम्ही आपल्याच घोडेगावात उभे राहून बोला. रात्री कोणी ‘वाघ आला’ म्हणून ओरडले तर तुम्ही पट्टेरी वाघ समजाल? जुन्नर-आंबेगावात उसाच्या रानात वाघ म्हणजे बिबट्याच. कोश बघा, ‘ढाण्या वाघ’ वेगळा आणि ‘बिबळ्या वाघ’ वेगळा. दोघांना वेगळी विशेषणे लावावी लागतात याचा अर्थच असा की नुसता ‘वाघ’ दोघांनाही पोटात घेतो.

मामा: हं. बिबळ्या वाघ हा प्रयोग जुना आहे खरा. ही तुझी सूचना मी पास करतो. पण बघ, तू जिंकलीस तीही कोशाच्या आधाराने.

भाची: आणि कोशात तो प्रयोग कुठून आला? माणसांच्या तोंडून. मोल्सवर्थ साहेबांनी पंडितांना शब्द गोळा करायला लावलेच होते ना?

मोल्सवर्थ यांचा कोश १८३१ चा, त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ ची. त्यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघालेला. त्यात प्रांतोप्रांतीच्या बोलींतले शब्द त्या त्या प्रांताची खूण करून दिले आहेत. दाते-कर्व्यांचा कोश उघडला की मामा आणि भाची दोघेही आपापल्या बाजूचा पुरावा म्हणून तोच दाखवतील, आणि दोघांचेही बरोबर असेल. अर्थ नक्की करण्याची गरज आपल्याकडे फार जुनी आहे. शिवनेरीवर जन्मलेल्या राजाने रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राजव्यवहारकोश करवून घेतला, त्यात कारभारातल्या फार्सी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. डबीर म्हणजे सुमंत, सुरनीस म्हणजे सचिव, मुजुमदार म्हणजे अमात्य, ही जोड त्याच काळातली. कोडे सोडवणाऱ्यांना ती आजही उपयोगी पडते. ‘अष्टप्रधानांपैकी एक’, तीन अक्षरी, म्हटले तर तिघेही दारात उभे राहतात. ‘डबीर’ म्हटले की सुमंत एकटाच आत येतो.

मामा: म्हणूनच मला प्रतिशब्दाची सूचना आवडते. कावळा म्हणजे वायस, वीज म्हणजे चपला, नदी म्हणजे आपगा. कोड्यामुळे तरी हे शब्द जिवंत आहेत.

भाची: जिवंत कसले? चौकटीबाहेर ते कोणी बोलत नाही. माझ्या वर्गातल्या ठाकर, महादेव कोळी पोरांना ‘आपगा’ येत नाही म्हणून त्यांना मराठी येत नाही असे कोणी म्हणावे, याचा मला राग येतो. त्यांना खाचर ठाऊक आहे, राब ठाऊक आहे, इरले ठाऊक आहे. हे शब्द कोड्यात कधी दिसतात?

मामा: राब म्हणजे काय, हे नागपूरच्या माणसाला कसे कळणार?

भाची: तुम्हाला वायस कसा कळला? छेदांनी अक्षरे दिली, शब्द तयार झाला, मग तुम्ही कोशात पाहिला. नागपूरच्या माणसाला राब तसाच कळेल. ‘भाताचे बी टाकण्याआधी पालापाचोळा पसरून भाजलेली जागा’, दोन अक्षरी. एक घर त्याला ‘रायगड’च्या रा ने मिळेल, दुसरे ‘बटाटा’च्या ब ने. शब्द नवा, पण पोहोचण्याची वाट सरळ. छेद नसता तर अनोळखी शब्द विचारणे हा अन्याय झाला असता. छेद आहे म्हणून ते शिकवणे होते.

मामा: पण एक अट घाल. दोन अनोळखी शब्द एकमेकांना छेदता कामा नयेत. राबच्या डोक्यावर वायस आणलास तर आपण दोघेही अडकू.

भाची: मान्य. माझ्या पोरांना मी हीच अट घालते.

वर्गात ती काय करते हे तिने सविस्तर सांगितले. उत्तर ती देते, सूचना मुलांनी लिहायची. परवाचा शब्द होता ‘इरले’, तीन अक्षरी. पहिल्या मुलाने लिहिले, ‘पावसात अंगावर घेतात ते’. दुसऱ्याने लगेच हरकत घेतली की ती घोंगडीही झाली, घों-ग-डी, तीनच अक्षरे. मग सुधारणा झाली, ‘पावसात अंगावर घ्यायचे पानांचे आच्छादन’. घोंगडी गेली. एक मुलगी तेवढ्यावर थांबेना. तिचे म्हणणे, इरले नुसते अंगावर घेत नाहीत, ते डोक्यापासून पाठीवर असते, म्हणून दोन्ही हात मोकळे राहतात आणि वाकून लावणी करता येते. ते लिहिले नाही तर इरले कशासाठी असते ते कळणारच नाही. फळ्यावर शेवटी सूचना राहिली ती अशी: ‘वाकून भातलावणी करताना हात मोकळे ठेवून पाठीवर घ्यायचे पानांचे आच्छादन’.

मामा: हे ऐकून मला खरोखर बरे वाटले. त्या पोरीने अतिव्याप्ती काढली, आणि कोणी न शिकवता.

भाची: तिने ते इरले घरात पाहिले आहे, मामा. ज्याने वस्तू वापरली त्याला वेगळेपण कुठे आहे हे आधी दिसते.

मामा: पण ते वाक्यात बसवायला तिला दोन प्रयत्न ऐकावे लागले, ते घासावे लागले. ते घासणे म्हणजेच कोशकाराचे काम. मी इतकेच म्हणत होतो.

दोघांचे एकमत झाले असे मी म्हणणार नाही. मामा उद्याही सूचना पक्की झाल्यावरच पेन उचलतील आणि भाची उद्याही आधी चौकट बघेल. ऱ्हस्व-दीर्घाचा वाद तर त्यांनी पुढे ढकलला आहे. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनुसार मराठीत ‘रवी’ दीर्घ लिहायचा, पण जुन्या वळणाचा रचनाकार ‘सूर्य’, दोन अक्षरी, या सूचनेला ‘रवि’ धरतो. उभ्या शब्दातून वी आली की सोडवणारा अडकतो. मामांना नियम हवा आहे, भाचीला दोन्ही वेलांट्या चालतात. माझा कौल मामांकडे. कोडे छापताना कुठला नियम पाळला आहे हे एकदा सांगितले पाहिजे, मग तो कोणताही असो.

मूळ वादात मात्र माझे मत भाचीच्या बाजूने थोडे जास्त झुकते. कोड्यातली व्याख्या एकटी पुरी पडत नाही, पडूही नये. तिने उमेदवार बोलवावेत, छेदांनी निवडावा. पण उमेदवारांच्या त्या रांगेत वायस आणि आपगा यांच्याबरोबर राब, खाचर आणि इरलेही असले पाहिजेत. नाही तर मराठी कोडे हे ठरावीक शे-दोनशे जुन्या शब्दांची उजळणी होऊन बसेल, आणि ते झपाट्याने तसे होतही आहे.

म्हणून कोडी छापणाऱ्या संपादकांना एक मागणी. दुसऱ्या दिवशी तुम्ही भरलेली चौकट छापता, तिच्याखाली एका ओळीची जागा काढा. ज्या सूचनेला अर्थाने दोन शब्द चालत होते, तिथे कोणत्या घराने निकाल लावला ते त्या ओळीत सांगा. आणि आठवड्यातून एका कोड्यात तरी एखाद्या तालुक्यातले, तिथल्या माणसांनी सूचना लिहिलेले चार शब्द येऊ द्या. सोडवणाऱ्या वाचकालाही सांगायचे आहे. छापलेले उत्तर सूचनेत बसत नसेल तर गप्प बसू नका, वर्तमानपत्राला पत्र टाका, आणि आधार म्हणून कोशाचा खंड आणि पान लिहा. शब्द कोशात नसेल तर तो कुठल्या गावात, कोणत्या कामाच्या वेळी बोलतात ते लिहा.